रोगशय्येवरील धैर्य : भारतेंदू बाबू हरिश्चंद्र

काशीक्षेत्रात श्रीगंगा उत्तरवाहिनी होते आणि अर्धचंद्राकार वळण घेऊन नगरीच्या पायऱ्यांना स्पर्श करीत पुढे जाते. दशाश्वमेधावरून तीराच्या कडेने दक्षिणेकडे चालू लागले म्हणजे थोड्याच अंतरावर पुण्यश्लोक अहल्याबाई होळकर यांच्या नावाचा घाट लागतो, आणि त्याला लागूनच मुन्शी घाट. श्रीधर नारायण मुन्शी यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. त्यापुढे दरभंगा घाट, आणि त्याच्याही पलीकडे मेवाडच्या महाराण्यांचा राणामहल घाट. महाराष्ट्राची एक महाराणी, मिथिलेचे राजे आणि राजस्थानचे सूर्यवंशी राणे यांची नावे अशी एकाच ओळीत हात धरून उभी आहेत. अखिल भारतवर्ष एका तीरावर पाहावयाचे असेल तर मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून दोन्ही बाजूंस दृष्टी टाकावी, एवढे पुरे आहे.

या तीरावर मनुष्य मरणासाठी येतो, असे सर्वत्र बोलले जाते. ते खोटे नाही. परंतु मरणापेक्षाही कठीण असा एक प्रश्न आहे, आणि तो काशीतही सुटलेला नसतो. आपल्या देहात दीर्घकाळ राहणाऱ्या रोगाने घर केले आहे, श्वास पूर्वीसारखा पुन्हा चालणार नाही, हे एके दिवशी कळल्यानंतर उरलेले दिवस कसे जगावेत, हा तो प्रश्न होय. मरण एका क्षणाचे असते. असा रोग मात्र रोज सकाळी नव्याने भेटतो. याच नगरीत जन्मलेल्या आणि याच नगरीत वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या एका महापुरुषाने या प्रश्नाला आपल्या जीवनाने दिलेले उत्तर मननीय आहे. ते महापुरुष म्हणजे आधुनिक हिंदी साहित्याचे जनक भारतेंदू बाबू हरिश्चंद्र.

हरिश्चंद्रांचा जन्म ९ सप्टेंबर १८५० रोजी काशीतील एका संपन्न अग्रवाल वैश्य कुळात झाला. प्लासीच्या लढाईच्या काळी बंगालमध्ये प्रसिद्ध असलेले सेठ अमीचंद हे त्यांचे पूर्वज. घराणे वल्लभ संप्रदायाचे, कृष्णभक्तीत रंगलेले. पिता गोपालचंद्र हे 'गिरिधरदास' या नावाने काव्य करीत. त्यांचे 'नहुष' नाटक हिंदीच्या आरंभीच्या नाटकांत गणले जाते. अशा घरात बालकाच्या कानी प्रथम पडली ती कविताच. परंतु सुखाची ही सावली फार काळ टिकली नाही. पाच वर्षांचे असताना माता पार्वतीदेवी गेल्या आणि दहावे वर्ष पूर्ण होण्याच्या सुमारास पित्याचेही छत्र हरपले. पिता गेले तेव्हा त्यांचे वय सत्तावीसच्या आसपास होते. आपल्या घरात पुरुषाचे आयुष्य किती तोकडे असू शकते, याचा परिचय या मुलास फार लवकर झाला.

पुढे राजा शिवप्रसाद यांच्याकडे थोडे इंग्रजीचे पाठ, क्वीन्स कॉलेजात काही काळ अध्ययन, तेराव्या वर्षी मन्नोदेवी यांच्याशी विवाह आणि पंधराव्या वर्षी कुटुंबासह जगन्नाथपुरीची यात्रा, असा हा बाल्याचा क्रम आहे. त्या यात्रेत बंगालच्या नवीन साहित्याशी त्यांची ओळख झाली, आणि हिंदी भाषेतही असे जिवंत साहित्य निर्माण झाले पाहिजे, ही तळमळ मनात रुजली.

त्यानंतरच्या सतरा-अठरा वर्षांत त्यांनी जे केले ते पाहिले असता एका मनुष्याच्या आयुष्यात इतके कसे सामावले, याचे आश्चर्य वाटते. १८६७ मध्ये त्यांनी चौखंबा मोहल्ल्यातील आपल्या घरी मुलांसाठी पाठशाळा काढली. तीच पुढे वाढत जाऊन हरिश्चंद्र महाविद्यालय झाली. 'कविवचनसुधा' हे पत्र त्यांनी चालविले, १८७३ मध्ये 'हरिश्चंद्र मॅगझिन' काढले आणि १८७४ मध्ये स्त्रियांसाठी 'बालाबोधिनी' हे मासिक सुरू केले. त्याच वर्षी 'कविवचनसुधे'त विदेशी वस्त्र न वापरण्याचे प्रतिज्ञापत्र त्यांनी प्रसिद्ध केले. स्वदेशीचे आंदोलन बंगालमध्ये उठले त्याच्या तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. १८७३ मध्येच 'तदीय समाज' स्थापून वैष्णव धर्माच्या प्रचाराचे व्रतही त्यांनी घेतले. 'सत्य हरिश्चंद्र', 'चंद्रावली', 'भारत दुर्दशा', 'नीलदेवी', 'अंधेर नगरी' इत्यादी नाटके, असंख्य पदे, इतिहासविषयक निबंध आणि संस्कृत व बंगालीतून केलेली रूपांतरे हा संसार वेगळाच.

महाराष्ट्रीय वाचकांना आपलेपणा वाटावा असे एक-दोन धागेही त्यांच्या चरित्रात आहेत. काशीतील मराठी मंडळी त्यांच्या नित्य परिचयाची होती. 'प्रेमजोगिनी' या अपूर्ण राहिलेल्या नाटकात काशीचे यथार्थ चित्र रेखाटताना त्यांनी एका प्रवेशात महाराष्ट्रीय भट-शास्त्र्यांची बैठक दाखविली आहे, आणि ही पात्रे तेथे चक्क मराठीतच बोलतात. पुढे 'कविवचनसुधा' त्यांनी आपल्या हातून सोडली तीही चिंतामणराव धडफळे या काशीनिवासी महाराष्ट्रीय गृहस्थांच्या हाती.

या सर्व उद्योगाला दोन गोष्टी पोसत होत्या, उदारपणा आणि विनोद. दान देताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही, आणि खर्च करताना मागचा-पुढचा विचारही केला नाही. ज्या संपत्तीने आपल्या पूर्वजांना खाल्ले तिला आपण खाऊन टाकणार, असे ते म्हणत, अशी आख्यायिका आहे. धाकटे बंधू गोकुलचंद्र यांच्याशी १८७० मध्ये वाटणी झाली, आणि पुढे ऋणाचा भार वाढत गेला. विनोदाची तर त्यांना हौसच होती. कोणी एक व्यक्ती खडावा घालून गंगेच्या प्रवाहावरून पलीकडे चालत जाणार आहे, अशी वार्ता त्यांनी एकदा काशीत पसरविली. ठरल्या वेळी तीरावर ही गर्दी लोटली! बराच वेळ वाट पाहिल्यावर लोकांच्या ध्यानात आले की, तो एप्रिल महिन्याचा पहिला दिवस आहे. आठवड्याच्या प्रत्येक वारी ते वेगळ्या रंगाच्या कागदावर पत्रे लिहीत. अशा रसिक, उधळ्या, प्रेमळ आणि अविश्रांत पुरुषाला १८८० मध्ये काशीच्या विद्वानांनी 'भारतेंदू', म्हणजे भारताचा चंद्र, ही पदवी दिली. तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

१८८२ साली ते मेवाडच्या यात्रेस निघाले. नाथद्वारा येथे श्रीनाथजींचे दर्शन ही वल्लभ संप्रदायी कुळाची आयुष्यातील मोठी आस असते. उदयपूरचे तरुण महाराणा सज्जनसिंह हे विद्येचे चाहते होते; त्यांच्या दरबारी भारतेंदूंचा आदरसत्कार झाला. काशीच्या घाटावर ज्यांचा महाल गंगेत डोकावतो त्या घराण्याच्या मूळ स्थानी, अरवलीच्या डोंगरांत, ते जाऊन पोहोचले. उदयपूरपर्यंत तेव्हा रेल्वे झालेली नव्हती. प्रवास दगदगीचा होता. या यात्रेहून परतले ते प्रकृती बिघडवूनच. श्वास, खोकला आणि ज्वर यांनी त्यांना घेरले. उपचारांनी मध्ये मध्ये उतार पडे, चार दिवस बरे जात, आणि पुन्हा तोच खोकला, तोच ज्वर. रोग दबत होता, जात नव्हता. कालांतराने त्याचे नाव निश्चित झाले. तो क्षय होता.

त्या काळी या एका शब्दाचा अर्थ काय होता, हे आज समजणे कठीण आहे. आयुर्वेदाने या व्याधीला राजयक्ष्मा, म्हणजे रोगांचा राजा, म्हटले. चरकाचार्यांनी त्याची चार कारणे सांगितली आहेत : शक्तीबाहेरचे साहस, मलमूत्रादी वेगांचा अवरोध, शरीरातील धातूंचा क्षय आणि विषम आहार. योगायोग असा की, ज्या १८८२ साली भारतेंदूंची ही यात्रा झाली, त्याच वर्षी २४ मार्च रोजी बर्लिन येथे डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी हा रोग एका सूक्ष्म जंतूमुळे होतो, असे सिद्ध करून दाखविले. शत्रू दिसला होता, परंतु त्याच्यावर चालणारे शस्त्र मात्र अजून कोणापाशी नव्हते. ते हाती येण्यास आणखी साठांहून अधिक वर्षे लागावयाची होती. युरोपात श्रीमंत रुग्ण डोंगरांवरील आरोग्यधामांत जाऊन स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांच्या आधारे दिवस काढीत. हिंदुस्थानात तशी आरोग्यधामेही त्या वेळी नव्हती. वैद्याने नाडी पाहून किंवा डॉक्टराने छाती तपासून हा शब्द उच्चारला म्हणजे घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे टाळीत.

पुराणांत या रोगाची एक कथा आहे. दक्षप्रजापतीच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या होत्या. परंतु त्याचे चित्त एका रोहिणीतच गुंतले. रुष्ट झालेल्या दक्षाने त्याला शाप दिला, आणि चंद्राला क्षय जडला. दिवसेंदिवस तो झिजू लागला. शेवटी प्रभासक्षेत्री त्याने शंकराची आराधना केली. शाप समूळ नष्ट झाला नाही, परंतु पंधरा दिवस क्षय आणि पंधरा दिवस वृद्धी, अशी त्याला मर्यादा पडली, आणि भगवान शंकरांनी त्या क्षीण चंद्रालाच आपल्या मस्तकी धारण केले. ज्याला लोकांनी भारताचा चंद्र म्हटले त्यालाच हा रोग व्हावा, आणि तोही विश्वनाथाच्या नगरीत, हे मनाला चटका लावणारे आहे. परंतु त्या कथेत रुग्णासाठी एक आश्वासनही दडलेले आहे. शिवाने पूर्ण चंद्र मस्तकी धरला नाही, कलेकलेने झिजणारा धरला. मनुष्याची योग्यता त्याच्या निरोगी अवस्थेवर अवलंबून नाही, असाच या कथेचा भाव आहे.

असा रोग जडल्याचे कळले म्हणजे मनात काय काय उठते, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. प्रथम विश्वास बसत नाही; वैद्याची चूक झाली असावी, असे वाटते. मग रोष येतो : हे मलाच का? मग मन मागे वळून आपलेच दोष उकरू लागते. तसे केले नसते, वेळेवर जेवलो असतो, वेळेवर निजलो असतो, तर हे टळले असते, अशी टोचणी अहोरात्र लागते. त्यातून लाज उत्पन्न होते आणि मनुष्य आपला खोकला इतरांपासून लपवू लागतो. शेवटी भीती उरते, आणि ती रात्री वाढते. कारण रात्री एक-एक श्वास मोजता येतो. फुप्फुसाच्या रोगाचे हेच विशेष दुःख आहे. अन्नावाचून मनुष्य काही दिवस राहू शकेल. श्वासावाचून काही क्षणही नाही. म्हणून श्वास अडला की बुद्धी स्थिर असणाऱ्याचेही धैर्य क्षणभर डळमळते. ही दुर्बळता नव्हे, हा देहाचा धर्म आहे.

भारतेंदूंच्या वाट्याला तर चिंतेची कारणे कितीतरी होती. वय बत्तीस-तेहतीस वर्षांचे. द्रव्य संपत आलेले, ऋण डोक्यावर. मुलगे बालपणीच गेलेले. विद्यावती ही एकच कन्या उरलेली. हाती घेतलेली कार्ये अर्धीमुर्धी. टोचणी लावून घेण्याजोगेही बरेच होते. देहाला त्यांनी विश्रांती कधी दिली नव्हती, आणि नियम तर त्यांच्या स्वभावातच नव्हता. चरकांनी सांगितलेली कारणे त्यांच्या दिनक्रमात शोधू म्हटले तर सहज सापडली असती. असे असूनही त्यांच्या या काळच्या चरित्रात विलाप आढळत नाही. जे आढळते ते काम आहे, आणि हास्य आहे.

१८८३ मध्ये त्यांनी 'नाटक' हा प्रदीर्घ निबंध लिहिला. भरतमुनींच्या परंपरेचे नाट्यशास्त्र आणि नवीन काळाची रंगभूमी यांचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन करणारा हिंदीतील हा पहिला महत्त्वाचा ग्रंथ. रोगाने शरीर पोखरण्यास आरंभ केला होता त्याच काळात लिहिलेला हा ग्रंथ नाटकासंबंधी असावा, यात एक अर्थ आहे. नाटक हे भारतेंदूंचे जीवनच होते. मुन्शी घाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दशाश्वमेधाजवळ काशीतील हौशी मंडळींची एक नाटकशाळा होती. तिच्यासाठी १८८१ मध्ये त्यांनी 'अंधेर नगरी' हे प्रहसन एकाच दिवसात लिहून दिले, असे सांगतात. रंगमंचावर रडणाऱ्या राजाला आपण राजा नाही हे ठाऊक असते. तो दुःख पूर्ण तन्मयतेने दाखवितो, पण त्यात बुडून जात नाही. ज्याने आयुष्यभर ही कला हाताळली त्याला आपल्या देहावर चाललेला रोगाचा प्रयोगही थोडा दूर बसून पाहता आला, असे दिसते.

परंतु दूर बसून पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातील पुढच्या प्रसंगावरून कळते. १८८४ च्या नोव्हेंबरात बलिया येथे ददरीची जत्रा भरली होती. काशीच्या पूर्वेस, गंगेच्याच काठी भरणारी ही कार्तिकी जत्रा मोठी असते. तेथे व्याख्यान देण्यास भारतेंदूंना आमंत्रण आले. छातीत रोग होता, शरीर थकलेले होते. नकार दिला असता तर कोणी दोष दिला नसता. ते गेले. भारतवर्षाची उन्नती कशी होईल, हा विषय त्यांनी घेतला. त्या प्रसंगी त्यांची 'सत्य हरिश्चंद्र' आणि 'नीलदेवी' ही नाटकेही झाली.

त्या व्याख्यानाचा आशय आजही वाचनीय आहे. आपले लोक रेल्वेच्या डब्यांसारखे आहेत, त्यांत पहिल्या वर्गाचे उत्तम डबेही आहेत, पण ओढणारे इंजिन नसल्यामुळे सर्व जागच्या जागी उभे आहेत, असा त्यांचा दृष्टांत होता. आळस सोडावा, वेळ वाया दवडू नये, मुलींना शिक्षण द्यावे, हिंदू-मुसलमानांनी परस्परांशी बंधुभावाने वागावे, आपल्या देशातील वस्तू वापराव्यात आणि आपल्या भाषेत उन्नती साधावी, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. वेळ वाया दवडू नये, असे निरोगी वक्तेही नेहमी सांगतात. परंतु ज्याच्या वाट्याला दोन महिनेही उरलेले नव्हते त्याने ते सांगितले, म्हणून त्या शब्दांना वजन आहे. आणि लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, त्या संपूर्ण भाषणाचा विषय देश होता. वक्त्याचा रोग नव्हता. छातीतील व्याधीला त्यांनी आपल्या जीवनाचा विषय होऊ दिले नाही.

येथेच त्यांच्या चरित्राचा दुसरा भागही निःसंकोचपणे पाहिला पाहिजे, कारण संतसज्जनांचे केवळ गुणच सांगून वाचकांचे हित होत नाही. भारतेंदूंनी रोगाची भीती जिंकली, पण रोगाची काळजी घेतली नाही. उतार पडला की ते पुन्हा पूर्वीच्याच दिनक्रमात शिरत. लेखन, जागरण, मंडळींची वर्दळ, प्रवास हे सर्व चालूच. त्या काळी क्षयाला विश्रांती आणि पोषण हाच काय तो आधार होता, आणि तोच त्यांनी स्वतःस लाभू दिला नाही. तो लाभला असता तर ते खचित वाचले असते, असे म्हणता येणार नाही; रोग दारुण होता. परंतु निर्भयता आणि निष्काळजीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि थोर पुरुषांच्याही ठायी त्यांची गल्लत होऊ शकते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

भगवद्गीतेने या दोहोंचा विवेक स्पष्ट केला आहे. दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण आणि सुख-दुःख ही येणारी-जाणारी आहेत, ती सोसावीत, असा उपदेश आहे. पण त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात आहार-विहार, निद्रा आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग दुःखनाशक होतो, असेही सांगितले आहे. सोसण्याचे धैर्य पहिल्या उपदेशातून येते, तर पथ्य आणि औषध दुसऱ्यातून. एक घेऊन दुसरा टाकणाऱ्याने अर्धीच गीता वाचली, असे म्हणावे लागेल. भारतेंदूंनी पहिला उपदेश असा आचरिला की, त्याला तोड नाही. दुसरा त्यांच्या हातून निसटला.

बलियाहून परतल्यावर प्रकृती झपाट्याने ढासळली. १८८४ च्या डिसेंबरात, २३ तारखेस, तिकडे उदयपुरास महाराणा सज्जनसिंह हे अवघ्या पंचविसाव्या वर्षी निवर्तले. दोन वर्षांपूर्वी ज्यांनी सत्कार केला होता ते यजमान पाहुण्याच्या आधी गेले. जानेवारीच्या आरंभी भारतेंदूंच्या रोगाने उग्र रूप धारण केले. ६ जानेवारी १८८५ च्या सकाळी घरातील स्त्रियांकडून प्रकृतीची विचारपूस करण्यास माणूस आले. तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्याचा आशय असा की, आपल्या जीवननाटकाचा कार्यक्रम रोज नवा-नवा छापून येत आहे. पहिल्या दिवशी ज्वराचा प्रयोग झाला, दुसऱ्या दिवशी वेदनेचा, तिसऱ्या दिवशी खोकल्याचा. आता शेवटचा पडदा केव्हा पडतो ते पाहावयाचे. त्याच रात्री तो पडला. वय चौतीस वर्षे आणि सुमारे चार महिने.

त्या उत्तरात विनोद आहे, पण तो मृत्यूची थट्टा करणारा नाही. त्यात ज्वराला ज्वर म्हटले आहे, वेदनेला वेदना म्हटले आहे, काहीही लपविलेले नाही. आपण बरे आहोत, असे खोटे सांगून त्यांनी घरच्यांची समजूत घातली नाही, आणि आक्रोश करून त्यांना घाबरविलेही नाही. आतल्या दालनात काळजीने बसलेल्या माणसांना सत्य कळावे आणि ते सोसण्याइतके हलकेही व्हावे, अशी ही योजना होती. रुग्णाच्या शय्येभोवती बहुधा दोन्ही बाजूंनी असत्य चाललेले असते. रुग्ण घरच्यांसाठी हसतो, घरचे रुग्णासाठी हसतात, आणि एकांतात दोघेही रडतात. भारतेंदूंनी ही भिंत एका वाक्याने पाडली.

आज काळ पालटला आहे, आणि तो पालट रुग्णांच्या हिताचा आहे. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला. त्यामागून आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन इत्यादी औषधे आली. मद्रास येथे १९५० नंतरच्या दशकात झालेल्या प्रसिद्ध संशोधनाने दाखवून दिले की, औषधे नियमाने घेतली तर क्षयाचा रुग्ण आरोग्यधामात न जाता आपल्या घरी राहूनही तसाच बरा होऊ शकतो. आज नेहमीचा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या उपचाराने बरा होतो, आणि भारतात त्याची औषधे सरकारी व्यवस्थेतून विनामूल्य मिळतात. अट एकच : उतार पडला म्हणून औषध मध्येच सोडावयाचे नाही. बरे वाटू लागताच पथ्य सोडण्याची जी चूक भारतेंदूंच्या हातून घडली तीच आजही अनेकांच्या हातून घडते, आणि औषधांना न जुमानणारा क्षय तिच्यातूनही उद्भवतो.

फुप्फुसांचे इतर दीर्घ विकार मात्र आजही आयुष्यभराचे सोबती होऊन येतात. दमा, धुराने व तंबाखूने जडणारा श्वासनलिकांचा जीर्ण विकार, फुप्फुसे कठीण होत जाण्याची व्याधी, हे त्यांतील प्रमुख. यांवर श्वासावाटे घ्यावयाची औषधे, श्वसनाचे व्यायाम, बेताचे चालणे, आणि गरज पडल्यास प्राणवायू, असे अनेक उपाय आहेत. त्यांनी रोग नाहीसा झाला नाही तरी जीवन पुष्कळ सुकर होते. या रोग्यांत मन खचणे आणि भीती दाटणे हे फार वेळा घडते. ते रोगाचेच एक अंग समजून वैद्याला निःसंकोचपणे सांगावे. खोकला सांगावयास जशी लाज नको, तशी उदासीनता सांगावयासही नको.

ज्याला अशा रोगाचे नाव नुकतेच कळले आहे त्याने भारतेंदूंच्या चरित्रातून तीन गोष्टी उचलाव्यात. पहिली ही की, रोग आपल्याला झाला आहे, आपण रोग झालेलो नाही. त्याच्याकडे प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहण्याचा थोडा तरी अभ्यास रोज करावा. दुसरी ही की, ज्या कार्यात मन रमते ते शक्तीच्या मर्यादेत चालू ठेवावे; स्वतःपलीकडे काही जपावयाचे असले म्हणजे भीतीला बसावयास जागा कमी मिळते. तिसरी ही की, घरच्यांशी खरे बोलावे, आणि जमेल तेव्हा त्या खऱ्यात एक हसूही मिसळावे. आणि जी गोष्ट भारतेंदूंच्या हातून राहिली ती आपल्या हातून राहू देऊ नये. औषध वेळेवर घ्यावे, विश्रांतीला आळस समजू नये, आणि देहाला शत्रू न मानता, दूर जावयाच्या प्रवासातील थकलेल्या घोड्याप्रमाणे त्याला पाणी पाजून, चुचकारून पुढे न्यावे.

भारतेंदूंच्या जाण्याला आज एकशे चाळीस वर्षे उलटली. त्यांनी घडविलेली हिंदी कोट्यवधींच्या मुखी आहे, त्यांची पाठशाळा महाविद्यालय होऊन उभी आहे, आणि त्यांची 'अंधेर नगरी' अजूनही गावोगावी रंगमंचावर लोकांना हसविते. क्षयाने त्यांची फुप्फुसे खाल्ली. त्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी जे लिहिले व सांगितले, त्याला मात्र त्याला हात लावता आला नाही.